एकोणतिसावा दिवस

…आन् वर मलाच इचारत्यात, "काका, एवढी घाई कशाची आहे?" घाई! तुमाला सांगतो, चौतीस वर्षं कंडक्टरकी केली मी, चौतीस वर्षं लोकांची घाई बघितली, कुनाला बाळंतिनीला घेऊन दवाखान्यात पोचायचंय, कुनाला कोर्टाची तारीख हाय, कुनाला नुसतीच खिडकीची जागा धरायचीय, म्हनून तो बाहेरनंच रुमाल टाकतोय... आन् ही काचेच्या मागची पोरगी मला म्हनती, घाई कशाची! अहो, साठ वर्षांचा हाय मी! घर बांधायची परवानगी मागतोय, वर जायचं तिकीट न्हाई मागत! पन समजा ते तिकीट आधी आलं, तर मंग ह्या परवानगीचं काय करू, लोनचं घालू?

थांबा, थांबा. बेल मारल्याबिगर गाडी काढायची सवय न्हाई मला, पहिलं नाव सांगतो. सहादेव गर्जे. रिटायर कंडक्टर. गाव इचारू नका. नगर जिल्ह्यातलं हाय, गावाला नगरपंचायत हाय, एवढं पुरे. नाव घेतलं की फाईल मागं जाती. आधीच ती कुठं हाय ते देवाला ठाऊक, कारन जवा जावं तवा तिथला शिपाई, कोंडीराम त्याचं नाव, स्टुलावर बसल्या बसल्या एकच सांगतो, "फाईल पुढं गेली." पुढं म्हंजे कुठं? मी जल्मभर लोकांना "पुढं सरका, पुढं सरका" म्हनलो, मान्य हाय! पन माझ्या पुढं सरकन्याला हद्द हुती! डायव्हरच्या पाठीला लागलास की बास, संपलं! ह्यांचं पुढं कुठवर हाय, ते तरी सांगा की!

आता माझं मागनं काय? राजवाडा? तर न्हाई. दीड गुंठ्याचा प्लॉट. एन.ए. झालेला. चारी कोपऱ्यांना दगड. त्याच्यावर दोन खोल्या, सैपाकघर, मोरी आन् पुढं बसायला वटा. संपली यादी. आन् ती तरी माझ्यासाठी न्हाई हो, रतनबाईसाठी. आमची मंडळी. चौतीस वर्षांत ह्या बाईनं अकरा भाड्याची घरं बदलली. पाथर्डीला तीन, कर्जतला चार, मंग माझी बदली झाली भंडारदऱ्याकडच्या गाडीवर, तिकडं दोन, आन् ह्या गावात दोन. लोकं भंडारदऱ्याला धबधबे बघायला जात्यात, आमाला घरातच दिसायचे! आन् एकेक घरमालक काय भेटला! एक म्हनायचा नवानंतर मिक्सर लावायचा न्हाई. एक म्हनायचा पाहुने आले तर दोनच, आन् तेबी मुक्कामी नकोत. आन् आताचा आमचा रंगनाथशेठ... हा सकाळी नळाला पानी आलं की दारात उभा ऱ्हातो, हाताची घडी घालून, आन् रतनबाईच्या हंड्याकडं बघतो. बोलत काय न्हाई. नुसता बघतो. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं!

तर मी रिटायर झालो, त्याच दिवशी, हार अजून गळ्यात हाय माझ्या, आन् ही म्हनली, "आता मला घरमालक नको. येक दिवस का हुईना, पन मला माझ्या सोताच्या भिताडाला पाठ टेकून बसायचंय." बास. दागिना न्हाई मागितला, काशी न्हाई मागितली. भिताड मागितलं. मी म्हनलो, हात्तिच्या, वर्षाच्या आत देतो! मला काय माहीत वर्ष कशानं मोजत्यात ते!

आता आधी माझी चूक सांगतो, कारन लपवायची सवय न्हाई. नगरपंचायतीनं मंगल कार्यालयात सभा घेतली. नागरिकांची. आता नगरपंचायतीचे मुख्याधिकारी साहेब बोलले, कसे? असे... "बंधूभगिनींनो, बांधकाम परवानग्यांना उशीर होतो, ही आपली तक्रार रास्त आहे! परंतु विभागाकडं निधी नाही! म्हणून आपण परवानगीचं शुल्क तिप्पट करीत आहोत! आणि मी शब्द देतो, यातला पै-पैसा नगररचना विभागाची कामगिरी सुधारण्यासाठीच वापरला जाईल! तीस दिवसांत निकाल!" लोकं वरडायला लागली, तिप्पट कशाला, हे काय लावलंय! आन् कोन उठून उभं ऱ्हायलं? मी! कोन म्हनलं, "आवो, तिकीट वाढलं तर गाडी नवी येती, द्या की!" मी! आन् पहिली टाळी कुनी वाजवली? ह्या हातांनी! तुमाला सांगतो, कंडक्टरचा हात, तिकिटं फाडून फाडून तयार झालेला, टाळी अशी वाजली की मागच्यांना वाटलं ठराव पास झाला. आन् झालाच!

पैसा आला. कबूल करतो, आला आन् खर्चबी तिथंच झाला, इकडं तिकडं न्हाई गेला. सा महिन्यांनी मी प्लॅन काढून अर्ज घेऊन गेलो तर हपीस वळखू येईना! दारात टोकनचं मशीन. काचेच्या चार खिडक्या. गार पान्याचा कूलर. पाय बुडतील असा सोफा. भिंतीवर ह्या एवढा टीव्ही, त्याच्यावर लाल अक्षरं पळत्यात, "सरासरी निकाल कालावधी"... आन् मशीनचं बटन दाबलं, टोकन आलं, नंबर एक. आत मी एकटा. चार खिडक्या, पन मानूस एकाच खिडकीत, त्या रश्मी मॅडम. मी डायरेक्ट गेलो तर म्हनल्या, "काका, बसा ना, नंबर पुकारल्यावर या." मी बसलो. सोफ्यात बुडालो. त्या माझ्याकडं बघत्यात, मी त्यांच्याकडं बघतोय. पाच मिनिटांनी वरनं बाईचा गोड आवाज, "टोकन क्रमांक... एक... कृपया... खिडकी क्रमांक... तीन..." आन् मॅडम बसल्यात एक नंबरच्या खिडकीत! मी तीनपुढं उभा, त्या एकमधनं म्हनत्यात, "काका, इकडं, इकडं, ती मशीनची चूक आहे."

मी कोंडीरामाला इचारलं, "आरं, एवढं सगळं आनलं, पन नकाशा बघनारा मानूस कुठाय?" म्हनला, "तुषार साहेब? ते गुरुवारी." "का, बाकीचे दिवस?" "तीन गावं एकाच साहेबाकडं हायेत." आता मला सांगा, चार खिडक्यांच्या काचा आल्या, सोफा आला, टीव्ही आला, आन् नकाशा वाचनारा मानूस तीन गावांत मिळून एक! गाडीला नवी सीटं बसवली, पडदे लावले, हारन बदलला, आन् डायव्हर गुरुवारी! आन् गुरुवारी तरी यावा की न्हाई? गुरुवारी गेलो तर साहेब न्हाईत. कुठं गेले? तर जिल्ह्याला बैठक. कसली बैठक? तर कामं वेळेत का होत न्हाईत, त्याच्या आढाव्याची बैठक! आवो, तुमी त्याला गुरुवारी बोलावता, म्हनून होत न्हाईत! पन हे सांगायचं कुनाला? कोंडीराम म्हनला, "तुमची फाईल पुढं गेली." पुढं म्हंजे कुठं?

बरं, मी वाट बघत बसलो. आन् एकोनतिसाव्या दिवशी मोबाईलवर मेसेज आला, "आपला अर्ज विहित मुदतीत निकाली काढण्यात आला आहे." मी दुकानातनं अर्धा किलो पेढं घेतलं! रतनबाईला दिलं, गल्लीत वाटलं, रंगनाथशेठलाबी दिला एक, म्हनलो घ्या शेठ, आता तुमचा नळ मोकळा! शेठनं पेढा खाल्ला आन् म्हनला, "मग खोली कधी सोडताय? मला तिथं गोडाऊन करायचंय." मी म्हनलो, पाडव्याला! तोंडातनं शब्द गेला. आन् हपिसात गेलो तर रश्मी मॅडम म्हनत्यात, "काका, निकाली म्हणजे परत. त्रुटी आहे. दुरुस्त करून नवीन अर्ज करा." काय त्रुटी? तर प्लॅनवर उत्तर दिशेचा बान काढलाय, पन त्याच्या टोकाला 'उत्तर' लिहिलं न्हाई! आवो, सूर्य काय तुमच्या परवानगीनं उगवतो का?

दुरुस्त केलं. परत अर्ज. परत फी! एकोनतिसाव्या दिवशी परत. त्रुटी, रस्त्याची रुंदी मीटरमधी लिवा. लिवली. परत एकोनतिसावा दिवस. त्रुटी, वट्याला पायऱ्या किती ते दाखवा. दाखवल्या, तीन. चौथ्या वेळेला तर कळस! मी अर्ज दिला तवा जिल्ह्याचं नाव अहमदनगर हुतं, आन् एकोनतिसाव्या दिवसापर्यंत झालं अहिल्यानगर! त्रुटी, जिल्ह्याचं नाव जुनं! मी म्हनलो मॅडम, माझा प्लॉट जाग्यावरनं इंचभर हलला न्हाई, जिल्हा हललाय, त्याला मी काय करू! तर म्हनल्या, "काका, मशीन घेत नाही."

कुनी म्हनंल, गर्जे, कायदा माहीत न्हाई का, तीस दिवसांत उत्तर न्हाई आलं तर परवानगी मिळाली असं धरायचं असतं! आवो शहान्या मानसा, म्हनून तर एकोनतिसाव्या दिवशी उत्तर येतं!

पाचव्या वेळेला मी भडकलो. लई भडकलो. काचेवर हात आपटला. म्हनलो, ही काय चेष्टा लावलीय, मानूस हाय का कोन हाय मी! आन् ती पोरगी, रश्मी मॅडम, इकडंतिकडं बघून हळूच म्हनली, "काका, माझ्यावर नका ना ओरडू. तीस दिवस उलटले की वरच्या साहेबांच्या कॉम्प्युटरवर आपल्या गावापुढं लाल दिवा लागतो. लाल दिवा लागला की कामगिरीचं अनुदान कापतात. अनुदान कापलं की कंत्राटी माणसं कमी करतात. आणि इथं कंत्राटी कोण आहे? मीच आहे. नकाशा मला वाचता येत नाही, साहेब येत नाहीत, मग एकोणतिसाव्या दिवशी मी काय करू? काहीतरी चूक शोधते आणि परत पाठवते." डोळ्यांत पानी तिच्या. म्हनजे माझं भिताड उभं ऱ्हायलं तर हिची नोकरी बसती! मी म्हनलो, "बाई, तू शोध चूक. पन येका वेळेला सगळ्या शोधून दे." तर म्हनती, "सगळ्या एकदम दिल्या तर पुढच्या वेळी काय देऊ?"

सांगा! काय बोलशीला तुमी ह्याच्यावर?

तरी मी सोडलं न्हाई. एका गुरुवारी तुषार साहेब सापडले. तरनाताठा पोरगा, गळ्यात हपिसाचं कार्ड, डोळ्याखाली काळं झालेलं. म्हनले, "काका, जागा बघितल्याशिवाय सही करता येत नाही, आणि आमच्याकडं गाडी नाही." मी म्हनलो, बसा माझ्या स्कूटरवर! साहेबाला मागं बसवलं, टेप त्यांच्या मांडीवर, आन् प्लॉटवर नेलं. रतनबाईनं आधीच चहा करून थर्मासमधी नेल्ता, बाभळीखाली वाट बघत बसल्ती. साहेबानं टेप लावला, खरं सांगतो, मानूस कामाचा! एक बाजू मापली. दुसरी मापली. तिसरी मापली. मी टेपचं टोक धरून चौथ्या कोपऱ्याला पळालो, आन् साहेबाचा फोन वाजला. "हो सर. हो सर. लगेच जॉइन होतो सर." कानाला लावला तो लावलाच. बाभळीखाली उभ्यानं अर्धा तास मीटिंग! मी टेपचं टोक धरून उभा. मीटिंग कशाची? तर कामगिरी सुधारन्याची! शेवटाला फोन ठेवला, घड्याळ बघितलं आन् म्हनले, "काका, मला पुढच्या गावाला जायचंय. चौथी बाजू पुढच्या गुरुवारी." "आवो साहेब, टेप लावल्याला हाय, नुसतं वाकून बघा की!" "काका, घाईत चुका होतात."

झालं. फाईलमधी शेरा पडला, जागेच्या तीन बाजू मापल्या. सहाव्या वेळेला रश्मी मॅडमनं अर्ज परत पाठवला, त्रुटी, तीन बाजूंची जागा दिसते, प्लॅन चार बाजूंचा कसा? रतनबाई म्हनली, "आता ह्यांच्यासाठी येक कोपरा मोडू का?" आन् कोंडीराम? "फाईल पुढं गेली." पुढं म्हंजे कुठं रं बाबा!

सातवा अर्जबी एकोनतिसाव्या दिवशी परत आला, आठवा गेला. इकडं पाडवा आला जवळ. रंगनाथशेठनं आमच्या दारातच रिकामी पोती आनून ठिवली, गोडाऊनची तयारी. रतनबाई पोत्यावर पाय देऊन घरात शिरायची.

आन् एक दिवस रश्मी मॅडमचा फोन! "काका, अभिनंदन!" मी उभा ऱ्हायलो, म्हनलो, "परवानगी?" "नाही, सत्कार!"

सत्कार! माझा! का, तर नगरपंचायतीचा शंभर टक्के कामं वेळेत केल्याचा सोहळा हाय, जिल्ह्यावरनं मोठे साहेब येनार, आन् कॉम्प्युटरनं नाव काढलं की ज्या नागरिकाचे सगळ्यात जास्त अर्ज मुदतीत निकाली निघाले, तो कोन? तर सहादेव गर्जे! सात अर्ज! साती वेळेत! आदर्श अर्जदार! मी फोन ठेवला आन् म्हनलो, आलास सापळ्यात! आता जातोच. माईक माझ्या हातात येऊ दे फक्त! चार दिवस भाषान पाठ केलं, रतनबाईपुढं म्हनून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आन् म्हनली, "शिव्या दोन कमी करा. आवाज ऱ्हाऊ द्या."

त्याच मंगल कार्यालयात सोहळा. तीच सतरंजी. मला स्टेजवर बसवलं, शाल, नारळ, मोठं सर्टिफिकीट. समोर अख्खं गाव. पहिल्या रांगेत रतनबाई, इरकली नेसून. मी उठलो, माईक धरला, तोंड उघडलं... आन् मागनं तुषार साहेब कानाशी लागले. "काका, फाईल माझ्या टेबलावर आहे. पूर्ण वाचली. सगळं बरोबर आहे. चौथी बाजू नकाशावरूनच धरतो. गुरुवारी सही करतो, आईशप्पथ करतो. आज मोठ्या साहेबांसमोर तेवढं जरा चांगलं बोला."

आता तुमी काय केलं असतं? खरं सांगा. समोर बायको, मागं सही! मंगळवार हुता तो, गुरुवार दोन दिवसांवर! मी गिळलं सगळं. आन् गिळलं तर गिळलं, नुसतं गप तरी बसावं? न्हाई! चौतीस वर्षं मोठ्यानं बोलायची सवय! म्हनलो, "आवो, माझ्या एकट्याचं काम ह्या हपिसानं सात वेळा मार्गी लावलं! दुसरीकडं एकदा होत न्हाई! आन् तुषार साहेब म्हंजे काय मानूस! माझ्या फाटक्या स्कूटरवर बसून प्लॉटवर आले! उन्हात उभं ऱ्हाऊन मीटिंग केली, पन जागा सोडली न्हाई! असा अधिकारी जिल्ह्यात दुसरा न्हाई!" टाळ्या! काय टाळ्या पडल्या म्हनता! रतनबाई तेवढी माझ्याकडं बघत हुती. म्हंजे कसं, तर एखाद्या पासिंजरनं शंभराची नोट दिली आन् ती आपल्याला फाटकी वाटली तर आपुन कसं बघतो, तसं.

मोठे साहेब खूश. उठले आन् स्टेजवरच म्हनले, "एका सामान्य कंडक्टरनं ज्याचं असं कौतुक करावं, तो अधिकारी तीन गावांत कशाला अडकवून ठेवायचा? तुषाररावांना मी जिल्ह्याला घेऊन जातो! कामं वेळेत कशी करावीत, हे ते बाकीच्यांना शिकवतील!"

शिकवतील!

बुधवारी आर्डर आली. बुधवारी सांजच्याला साहेब मोकळे झाले. गुरुवारी सकाळी मी पेढं न घेता गेलो, एवढी अक्कल आल्ती. खुर्ची रिकामी. टेबल रिकामं. टेबलावर पाटी, पद रिक्त. मला तुषार साहेबांचा फोनबी आला, वाईट वाटत हुतं त्याला, म्हनला, "काका, मी सहीला पेन उचललं होतं हो." आन् मी कुनावर भडकायचं? घालवला कुनी त्याला? मीच! ह्या तोंडानं! पहिल्या खेपंला टाळी वाजवली, दुसऱ्या खेपंला भाषान केलं, तिसऱ्या खेपंला काय करनार हुतो मी, हपिसाची आरती? कोंडीराम स्टुलावरनं म्हनला, "साहेब पुढं गेले." मी म्हनलो, हा एक तरी कुठं गेला ते कळलं!

आन् सोहळ्याचं बक्षीस म्हनून नगरपंचायतीला निधी मिळाला. त्याचं काय आनलं? ...न्हाई, नकाशा वाचनारा न्हाई! दुसरं टोकन मशीन! आन् कामगिरी सुधारली म्हनून शुल्क परत वाढवलं!

पाडव्याला रंगनाथशेठनं खोलीला कुलूप घातलं. आमचं सामान टेम्पोत. आन् टेम्पोवाला इचारतो, "काका, कुठं न्यायचं?" सांगतो तुमाला, जल्मभर लोकांना इचारलं, कुठं जायचं, कुठं जायचं, आन् त्या दिवशी मला उत्तर येईना. रतनबाई टेम्पोत पुढं बसली आन् म्हनली, "प्लॉटवर घे."

पत्र्याच्या शेडात चार महिने काढले आन् घर बांधलं. बिगर परवानगीचं. बोलायला सोपं हाय हो! पन चौतीस वर्षांत मी एक मानूस बिनतिकिटाचा जाऊ दिला न्हाई! ऊसतोडीला जानारी बाई, कडंवर लेकरू, तिलाबी म्हनलो, तिकीट काढ न्हाईतर उतर. सख्ख्या मेव्हन्याला मी कर्जतच्या अलीकडं उतरवलाय, दोन वर्षं बोलला न्हाई तो! आन् तोच मी, आता सोताच्या घरात बिनतिकिटाचा बसलोय! गेट वाजलं की आधी खिडकीतनं बघतो! कुनी खाकी कपड्यातला दिसला की मी मोरीत! रतनबाई मातर पहिल्या दिवशी खोलीत गेली, फरशीवर बसली, भिताडाला पाठ टेकली, डोळं मिटलं, आन् अर्धा तास हलली न्हाई. मी म्हनलो, "आगं, हे बेकायदा हाय." डोळं न उघडता म्हनली, "असू द्या. गार हाय."

आन् नवव्या दिवशी गेट वाजलं.

कोंडीराम! हातात टेप! संगं एक नवा बाबू, अतिक्रमन विभागाचा. मी मोरीकडं निघाल्तो, पन तेवढ्यात त्यांनी टेप लावला, आन् मी तिथंच खिळलो. कारन काय सांगू! पहिली बाजू मापली. दुसरी मापली. तिसरी मापली. आन्... चौथी! चौथी बाजू मापली हो! धा मिनिटांत! वट्याच्या पायऱ्या मोजल्या, तीन! उत्तर दिशा कुठली ते मला न इचारता लिवली! माझ्या डोळ्यांत पानी आलं. मी म्हनलो, "कोंडीराम, आरं हे तुमाला येत हुतं?" तर म्हनला, "काका, नोटिसांचं टार्गेट आलंय. महिन्याला पंधरा. ती वेळेत गेली की अनुदान हाय." मी इचारलं, "आन् पाडायचं?" कोंडीरामनं त्या बाबूकडं बघितलं, बाबूनं झाडाकडं बघितलं. कोंडीराम म्हनला, "त्याला मशीन लागतं. त्याचा फंड न्हाई."

नोटीस हातात दिली, चहा घेतला, गेले. आन् तुमाला सांगतो, काय कागद लिवलाय! आठ अर्ज केले मी, पन माझ्या घराचं एवढं बरोबर वर्नन कुठं नव्हतं. सहादेव गर्जे यांचे राहते घर. दोन खोल्या, सैपाकघर, मोरी, तीन पायऱ्यांचा वटा, चतुःसीमा, लांबी, रुंदी, सगळं! अकरा भाड्याच्या घरांत काढली जिंदगी, आन् हे माझं घर हाय असं सरकारनं पहिल्यांदा लिवून दिलं, ते पाडायच्या नोटिशीत!

रतनबाई सैपाकघरात भाकरी थापत हुती. मी दारात उभा ऱ्हाऊन सगळं वाचून दाखवलं. हात न थांबवता म्हनली, "पाडनार कोन म्हनत्यात?"

म्हनलो, "हपीस."

"परवानगीवालंच का?"

"त्येच."

"आन् कवा?"

म्हनलो, "तीस दिवसांत."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरनं पानी फिरवलं, पिठाचा हात झटकला आन् म्हनली, "असं व्हय! मंग पुढल्या सालाला वर येक खोली काढू."

मी चपला घातल्या आन् विटांचा भाव इचारायला गेलो.